माझ्या रागाची खुर्ची

शांती नगर, मीरा रोड
मे २००६

ती. सौ. मृणालिनीताईस,

दशरथचा नमस्कार. वाकून करायचा असतो, पण हर्निया वाकू देत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच स्वीकारावा. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (तपकीर सुटली का, हे विचारत नाही. सुटली असती तर त्यांनीच पत्र पाठवून कळवले असते.) फोन केला असता, पण आमचा फोन हॉलमध्ये आणि तुझ्या भावजयीचे, नीलिमाचे, कानही तिथेच.

तर ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकलले. एकदा सोसायटीची टाकी धुवायची होती म्हणून, एकदा डॉक्टरचा चेहरा आवडला नाही म्हणून. कोणी तारीख विचारली की मी खेकसतो. दूधवाल्यावरही खेकसलो (बिचाऱ्याने तब्येत विचारली होती), तेव्हा नीलिमाने मला संजना मॅडमकडे नेले. या मनाच्या डॉक्टर. गोळ्या देत नाहीत, नुसते विचारत बसतात. त्या म्हणाल्या, माणसाच्या आत एकटा माणूस नसतो, बरेच जण राहतात. एकेकाला खुर्ची द्या, आळीपाळीने तिथे बसा आणि त्याचे ऐकून घ्या.

इतकी वर्षे सेक्रेटरीपद सांभाळल्यावर सभा कशी घ्यायची हे मला कोणी शिकवायला नको. सोसायटीच्या ऑफिसातून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून हॉलमध्ये मांडल्या. एकीवर राग, एकीवर शहाणपणा, एकीवर 'लोक काय म्हणतील', आणि एक रिकामी, कारण कोणीतरी उशिरा येतोच. राग कोणाला बोलूच देईना. शेवटी त्याला सभासदत्वावरून काढण्याचा ठराव मांडला, बहुमताने मंजूरही केला. तेवढ्यात खालचे गुणवंतभाई आले. "मीटिंग है और मेरे को बुलाया नहीं?" म्हणत नेमके रागाच्या खुर्चीवर बसले. मी म्हणालो, "उठो, वहाँ मेरा गुस्सा बैठा है. उसको अभी निकाला है." ते लिफ्टची वाट न बघता जिन्यानेच गेले. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर बातमी, की सेक्रेटरीने गुणवंतभाईंना काढायचा ठराव केला. तीन सभासद अनुमोदन द्यायला येऊन गेले.

मॅडमना हे सांगितले तर त्या हसल्याही नाहीत, ते मला जरा लागले. म्हणाल्या, "काका, कोणालाच काढायचं नाही. राग एवढा दारात उभा राहून ओरडतोय, म्हणजे आत कोणाला तरी सांभाळतोय. त्यालाच विचारा ना, कोणाला ते." विचारले. तर मागून हाफ चड्डीतला एक पोरगा पुढे आला. गळू फोडायला तालुक्याच्या दवाखान्यात नेलेला, तुझा हात घट्ट धरलेला. पुढचे तुला ठाऊक आहे, त्याला तूच नेले होतेस. मला तिथे खुर्चीतच रडू आले, ताई. बराच वेळ थांबेना.

बाकी क्षेम. ऑपरेशन येत्या सोमवारी, हे नक्की. तू मुळीच येऊ नकोस. एसटीचा प्रवास तुझ्या गुडघ्यांना सोसणार नाही, आणि मी अजिबात घाबरलेलो नाही.

तुझा धाकटा भाऊ,
दशरथ

ता. क. आमसुले संपली आहेत. कोणी इकडे येणार असेल तर पाठव.

ता. क. २. कोणी म्हणजे तू. वरचे 'येऊ नकोस' बहुमताने ठरले होते. हे मी सभा उठल्यावर, कोणाला न विचारता लिहितोय. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत माझा हात धरून चल. नीलिमा आहेच, पण तिच्यासमोर मला शूर राहावे लागते.