जेवणाच्या टेबलावरचे पंचेचाळीस दिवस

३ फेब्रुवारी, रविवार

घरातली कोरलांची खाऱ्या पाण्याची टाकी गळते! मागच्या डाव्या कोपऱ्यात, तळाच्या जोडातून. शोध हिचा. पाय ओला झाला म्हणून माझ्यावरच ओरडली — "अहो, सांडलंत तर पुसत जा." मी थेंबभर सांडत नाही, हे लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी हिला पटत नाही. खाली बशी ठेवली. चार तासांत भरली. बोट बुडवून जिभेला लावलं — खारट. संपलं.

तेरा वर्षं टिकली. तो जोड मी स्वतः भरला होता, कुणी शिकवलं नव्हतं. तेरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत.

५ फेब्रुवारी, मंगळवार

मुलीचा फोन. नवी टाकी घ्यायची नाही, पाठीचं बघा, बादल्या उचलायचं वय राहिलंय का — सगळं आईने पढवलेलं, शब्दनशब्द. मग एकदम म्हणाली, "बाबा, कोरलं सगळी माझ्याकडे आणा. माझ्या टाकीत जागा आहे." मी फोन कानाला धरून टाकीकडेच बघत राहिलो. ऐकू येत नाही असं वाटून तिने दोनदा हॅलो केलं.

लगेच पुढे — "पण पंचेचाळीस दिवस वेगळी ठेवायची हं. नवा टब, नवं पाणी. जुन्या दगडाचा खडासुद्धा नको."

मला शिकवते! "नियम कुणाचे आहेत हे?" मी विचारलं.

"तुमचेच. म्हणून तर पाळा."

बरोबरच आहे. माझ्या मागच्या दगडांत तण आहे, नाही कशाला म्हणू? समुद्रफुलाचीच जात. तपकिरी, नखाएवढं, दिसायला गोंडस. पण शेजारच्या कोरलाला डंख मारून मारून मागे सरकवतं. खरवडलं की संपलं — जितके कण पडतील तितकी नवी उगवतात. मी चाळीसच्या वर कधी जाऊ दिली नाहीत. मुलीची टाकी मात्र वर्षाची, आणि एकही नाही. ती माझ्या घरच्या तणाने नासली तर तिला तोंड दाखवायची सोय राहायची नाही.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस. चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली. गेल्या सहा वर्षांतली दुसरी.

सकाळी सातला सुरुवात, साडेचारला शेवटचा तुकडा. सगळी मिळून एकोणीस कोरलं. दगड एकही घेतला नाही. प्रत्येक कोरल बुडख्याच्या वर बोटभर अंतर सोडून कापलं, बुडखा फेकला. कापायला चष्म्याच्या काचा कुरतडायची माझी पकड. तिच्यासारखा स्वच्छ काप बाजारातल्या कुठल्याच हत्याराने येत नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. मग औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं, साध्या खाऱ्या पाण्यात दोनदा खळबळून, नव्या चकतीवर गोंद. भिंग डोळ्याला लावून प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी.

थोरलीला, म्हणजे माझ्या पहिल्या कोरलाला, सर्वांत वेळ लागला. दोन तोंडांची आणली होती, आता एकेचाळीस. फांद्यांच्या बेचक्यात तीन तणं निघाली. पंप बंद करून, चुन्याचा दाट लगदा सुईने थेट तोंडात. मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये असते, बारीक सुया तिच्याच. दोन मिनिटांत तिन्ही विरघळली. तरीसुद्धा त्या तीन फांद्या कापून टाकल्या! अडतीस उरली. जीव तुटला, पण हात थांबला नाही.

ही दारात उभी राहून बघत होती. "माझ्या बाळंतपणात एवढे हजर नव्हतात तुम्ही." मग चुन्याची वाटी पाहून — "आजवर लोकांनी तुम्हाला लावला, आता तुम्ही लावा."

टब जेवणाच्या टेबलावर. दुसरीकडे कुठे प्लगच नाही.

९ फेब्रुवारी, शनिवार

सगळी उघडली. एकोणीसपैकी एकोणीस!

१७ फेब्रुवारी, रविवार

दहावा दिवस. जुनी टाकी रिकामी केली. दोघांत मिळून बावीस बादल्या — हिने नऊ उचलल्या, आणि त्या नऊ मला म्हातारपणी ऐकून घ्याव्या लागणार आहेत. दगड उन्हात टाकले. वाळले की तण मरतं.

टबाच्या कडांवर शेवाळ धरायला लागलंय. जुन्या टाकीतली एक गोगलगाय ठेवून घेतली, शिखरासारख्या शंखाची, पाच वर्षांची. जुन्या दातब्रशने शंख दोन मिनिटं घासून चकचकीत केला आणि सोडली. लगेच कामाला लागली. माझ्यासारखीच — बसून राहवत नाही.

टाकीची जागा रिकामी दिसते. भिंतीवर तिच्या आकाराचा फिकट चौकोन आहे. हिला वाटलं मी उदास होईन. नाही झालो. घरात आवाज कमी झालाय, रेडिओ नीट ऐकू येतो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

दुकानातल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "चेहरा उजळलाय हो तुमचा, लॉटरी लागली काय?" म्हटलं, आज अठरावा दिवस. त्या जरा सरकूनच बसल्या.

३ मार्च, रविवार

चोविसावा. मुलगी येऊन बघून गेली. मीच जातो म्हटलं होतं, तर "नको, घर पसरलंय" म्हणाली. आईसारखी नाही या बाबतीत.

खुर्ची ओढून टबासमोर अर्धा तास बसली. "थोरली काय फुललीय!" मग माझी वही मागितली. रोजचं तापमान, मीठ, काय दिसलं, काय नाही — सगळं वाचलं. "बाबा, तुमचं काही चुकतच नाही का हो?" असं काहीतरी म्हणाली. मी हसलो. म्हटलं, चुकतं ना, पण चुकू देत नाही.

आम्ही दोघं हल्ली ओट्याशी उभ्यानेच जेवतो. ही म्हणते, लग्नाच्या पंगतीत बरं वाढतात. पण तीही हात धुवायच्या आधी एकदा टबात डोकावते. मी पाहिलंय.

१५ मार्च, शुक्रवार

छत्तिसावा दिवस. तण.

गोगलगायीच्या शंखावर, टोकाजवळच्या खाचेत. टाचणीच्या डोक्याएवढं. भिंग काढलं, पुसलं, परत लावलं. तेच.

१६ मार्च, शनिवार

वही मागे चाळली. दहावा दिवस, माझंच अक्षर — दातब्रशने घासला, चकचकीत केला! सगळ्या जगाला सांगत आलो, खरवडू नका, कण पडतात, आणि स्वतः काय केलं? ब्रश! कोरलाचा बुडखा फेकला, दगड वाळवले, पाणी फेकलं, आणि जुन्या टाकीचं दार हाताने उघडून दिलं. नवशिक्यानेही हे केलं नसतं.

गोगलगाय काढून वेगळ्या डब्यात ठेवली. तिचा काय दोष.

टबाच्या तळाशी आणखी दोन सापडली. भिंगाशिवाय दिसणारही नाहीत. चुना लावला. गेली.

१७ मार्च, रविवार

कोरलांवर एकही नाही. तीनदा पाहिलं. म्हणजे खरं तर सगळं साफ आहे. पुढच्या रविवारी पंचेचाळीस पुरे. जावईबापू गाडी घेऊन येणार, ठरलंय. नियमाप्रमाणे काल पुन्हा पहिला दिवस — म्हणजे एप्रिलची एकोणतीस तारीख. जावयाला काय सांगू? हिला काय सांगू? मुलीने वही वाचलीय, तिलाही तो ब्रश खटकला नाही, आणि आता तिला म्हणू, बाई, तुझा बाप ब्रश घेऊन बसला होता?

नाही सांगितलं तर कुणाला कळणार आहे? कदाचित काहीच राहिलेलं नसेल.

कदाचित!! हा शब्द या वहीत तेरा वर्षांत आला नव्हता.

१८ मार्च, सोमवार

दुकानात एक लेन्स अर्ध्या मिलिमीटरने चुकली. परत घासली. ग्राहक म्हणाला, "चाललं असतं हो, काय फरक पडतो." त्याच्यावर उगाच डाफरलो.

घरी आल्यावर हिला सगळं सांगितलं. मला वाटलं टेबलावरून पेटेल. ही भाजी चिरत होती. चिरता चिरता म्हणाली, "एप्रिल तर एप्रिल. उभ्याने जेवून माझं दोन किलो उतरलंय." मग सुरी खाली ठेवून — "पण पोरीच्या घरात माहीत असून घाण नेलीत, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि मी बोलले नाही तर तुमचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

माहीत आहे.

१९ मार्च, मंगळवार

फोन केला. आडवळण घेतलं नाही. तण निघालं, चूक माझी, ब्रशने घासलं, पंचेचाळीस पुन्हा पहिल्यापासून. एका दमात.

पलीकडून बारीक आवाजात — "बाबा, उद्या संध्याकाळी इकडे याल? भिंग घेऊन या."

२० मार्च, बुधवार

तेवीस. मुलीच्या टाकीत, मागच्या दगडावर. मी स्वतः मोजली. पहिलं तिला जानेवारीतच दिसलं होतं, मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या एका तुकड्यावर. पंचेचाळीस दिवस माझ्या कोरलांसाठी नव्हतेच — मी यायच्या आत टाकी स्वच्छ करायला तिला ते हवे होते.

"अगं, मला सांगायचंस ना."

"तुम्हाला?" म्हणाली. एवढंच.

अकरा मी मारली, बारा तिने. सुई धरायला तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. तसं तिला सांगितलं — पहिल्यांदाच.