पाखऱ्या उजवा झाला त्याची हकीगत

विश्रामबाग, सांगली
गुरुवार

तीर्थरूप आबा,

तुमच्या सुनेचा, रेश्माचा, वाकून नमस्कार. (वाकले हे खरं, पण दिवसभर खुर्चीत बसून कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे सरळ व्हायला जरा वेळ लागला.) गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत उभी आहे? औंधच्या बाजाराला चालत जाऊ नका. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून कागद घेतला.

आता इथली हकीगत. लग्नाआधी पुण्यात सहा वर्षं मालिकांचं एडिटिंग केलं, तेव्हा माझा हात असा चालायचा की बघत राहावं. पुढे आपल्या घरी आले, आई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांचं करण्यात नऊ वर्षं गेली (त्याचं मला वाईट वाटत नाही, हे मागेही सांगितलं होतं आणि तुम्ही मागेही मान फिरवली होती). तेवढ्यात कॉम्प्युटरवरच्या सगळ्या बटणांनी जागा बदलल्या. आता इथे ज्या व्हिडिओ स्टुडिओत लागले आहे त्याचे मालक जयराज वयाने माझ्यापेक्षा लहान, पण धंद्यात मुरलेले. "ताई, महिनाभर काम करा, मग कायम ठेवायचं का ते बघू," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पहिल्या कामात मी सुरुवातीला हळदीच्या शेताचं बारा सेकंदांचं सुरेख दृश्य घातलं. ते म्हणाले, तेवढ्यात बघणारा जेवून हात धुऊन येईल. मी हसले आणि दृश्य तीन सेकंदांवर आणलं. मला हे काम हवं होतं, आबा. फार हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात बैलगाडी शर्यतीची फायनल माझ्याकडे आली. शर्यत वरून ड्रोनने आणि खाली दोन कॅमेऱ्यांनी टिपलेली, एक कॅमेरा मैदानाच्या या अंगाला, एक त्या अंगाला. दोन्ही अंगांची चित्रं जोडून बघितली तर बैल आधी उजवीकडे सुसाट निघायचे आणि पुढच्या क्षणी डावीकडे, म्हणजे काहीतरी विसरलं म्हणून घरी परत चालल्यासारखे. आमच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे: एक चित्र आरशात दिसतं तसं उलटं करायचं. (मालिकांमध्ये मी कितीतरी नवरे असे फिरवले, एकाही बायकोच्या लक्षात आलं नाही.) चौकटीत कुठे पाटी नाही, अक्षर नाही, हे नीट तपासलं. बैल तपासले नाहीत.

सकाळी स्टुडिओच्या चॅनेलवर व्हिडिओ लावला आणि दुपारपर्यंत तालुका पेटला. जिंकलेल्या जोडीतला पाखऱ्या म्हणे कायम डाव्या अंगाला पळतो, आणि माझ्या व्हिडिओत तो मध्येच उजवा होऊन पुन्हा डावा होत होता. कोणी म्हणालं, ही शर्यतच दुसऱ्या दिवसाची. हरलेले म्हणाले, जिंकलेल्यांना दिलेली ढाल काढून घ्या. जयराज माझ्याकडे न बघता चहा ढवळत राहिले (चहा बिनसाखरेचा होता). मी मनातल्या मनात बॅग भरली.

संध्याकाळी पाखऱ्याचे मालक जोतीराम आले. आटपाडीकडचा माणूस, डोक्याला मुंडासं, भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. ते आपल्याच हातून काहीतरी सांडल्यासारखे दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, त्येचं डावं शिंग मोडल्यालं हाय. तुमच्या फोनात उजवं दिसतंय. मी गोठ्यात जाऊन दोनदा हात लावून बघितला. म्हटलं माझंच डोळं गेलं का काय."

मला फार लाज वाटली. चूक माझी, असं म्हटलं, त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि त्यांच्यासमोर सगळं पुन्हा जोडायला बसले. काही उलटं केलं नाही. दोन बाजूंच्या मध्ये वरून घेतलेलं ड्रोनचं दृश्य टाकलं, की बैल घरी परत निघत नाहीत. एका ठिकाणी मी कापणार, तेवढ्यात जोतीरामांनी माझा हात धरला. "हितं थांबा. हितं त्येनं कान पाडलं. आता त्यो जीव टाकून पळणार बगा." मी थांबले. तो क्षण मला दिसलाच नव्हता. नऊ वर्षांनी पहिल्यांदा माझ्या बोटांना कुठे कापायचं नाही ते कळलं, आणि माझे डोळे भरून आले (जोतीरामांना वाटलं, मी बैलासाठी रडते. मी तसंच राहू दिलं).

नवा व्हिडिओ लागला, हरलेले गप्प झाले, आणि काल जयराजनी मला कायम केलं. फक्त एक अट घातली: शर्यतींचा हंगाम आहे, तेव्हा बैलाची पारख असलेलं माणूस शेजारी हवं. मी सांगितलं, आमच्या आबांनी उभा जन्म खिल्लार बैल सांभाळले. तरी आठ-पंधरा दिवसांसाठी यावं. कामाचा प्रश्न आहे.

तुमची सून,
रेश्मा

ता. क. : चष्मा आणावा. पडदा मोठा आहे, पण बैल बारीक दिसतात.

ता. क. दुसरा : जयराजनी अशी काही अट घातलेली नाही. मीच रचली, कारण नुसतं "या" म्हटलं तर तुम्ही येणार नाही. ह्यांचा फोन तिकडे सरहद्दीवरच्या चौकीवर लागत नाही. काल कायम झाल्यावर मी खोलीवर आले, कुलूप उघडलं आणि रिकाम्या खोलीत दोनदा मोठ्याने म्हणाले, "मला ठेवलं." आबा, मला ते तुम्हाला समोर बसवून सांगायचं आहे.