दोन रिकाम्या तारा

नागपूर,
१२ जुलै १९८७

प्रिय गोपिका,

आजीच्या पायाची सूज उतरली का? आईला म्हणावं, इकडची काळजी करू नको, मी दोन वेळचं रांधून खातो. आज सकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन आलो. दरवेळी काही ना काही मागतो. आज हात जोडून नुसता उभा राहिलो.

आपल्या ऑफिसात फोनचं वायरिंग केलं तेव्हा तू रांगत होतीस. वामनराव मिस्त्री भिंतीतून चार तारांची केबल ओढायला लावायचे. फोनला दोनच लागतात. मी विचारलं तर म्हणाले, "पंगतीत एक पान जास्तीचं ठेवते नं गा लोकं, तसंच. उद्या कोणी आलं तर त्याले जागा पायजे." ते मला पटलं. प्रत्येक टेबलाशी दोन तारा मी राखून ठेवल्या, टोकं मेणकापडात गुंडाळून. पंचवीस वर्षं त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तू गावी गेलीस त्याच आठवड्यात कॉम्प्युटरवाले आले. नवी केबल टाकायची तर सगळ्या भिंती फोडाव्या लागणार, म्हणून साहेब काम पुढे ढकलायच्या बेतात होते. मी म्हणालो, तारा आहेत. टेबलापाशी भिंतीवरची फोनची पेटी उघडून दाखवल्या. फोन आपल्या दोन तारांवर, कॉम्प्युटर शेजारच्या दोनांवर. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

पहिलं यंत्र कुठे बसवू, असं त्यांनी विचारलं. मी तुझं टेबल दाखवलं. सहा वर्षं टेम्पररी टायपिस्ट आहेस, डिसेंबरात कायम व्हायची फाईल निघायची आहे. यंत्र तुझ्याकडे असलं तर कोणी ती अडवणार नाही, असं वाटलं. स्क्रू मी स्वतः आवळले.

यंत्रामागोमाग ते चालवणारा माणूसही आला. शुक्रवारी यादी लागली. पाचही टेम्पररी टायपिस्ट कमी केल्या, तुझं नाव सर्वांत वर. साहेबांकडे गेलो, तर हुकूम वरून आलाय म्हणाले. भिंती फोडायच्या असत्या तर अजून दोन वर्षं गेली असती, हेही सहज बोलून गेले.

तुझ्या ड्रॉवरमधला लक्ष्मीचा फोटो घरी आणलाय. टाइपरायटरवर खोळ घातली. ऑफिसचं पत्र एक-दोन दिवसांत तुला गावी मिळेल. त्यात कारण लिहिलेलं नसेल, म्हणून हे आधी लिहितो. तारा मीच दाखवल्या, पोरी.

तुझाच,
बाबा