पहिल्या प्रतीचा मान

३ मार्च
इनेका पोस्टमाचं पुस्तक आलं. म्हणजे छापायला जायच्या आधीचे कागद. गणकयंत्रांच्या सिद्धान्ताचा इतिहास, सहाशे पानं. बाईला पीएचडी मीच दिली. प्रकाशनाच्या दिवशी पहिली प्रत माझ्या हातात द्यायची म्हणते. नुसता मस्का. सूचीत माझं नाव बघायला गेलो, तर सूची अजून व्हायची आहे.

५ मार्च
'दोन चाकांचं यंत्र' हे शब्द कुठेच नाहीत. म्हणजे माझं प्रमेय गाळलं. असं कागदावरचं गणकयंत्र कधी ना कधी थांबतंच, हे मी सिद्ध केलं. आयुष्यात एकच प्रमेय, पण पक्कं. ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात मला विचारतात ते त्याच्यामुळे. बायको, फ्राउकी, म्हणते शेवटच्या टिपा बघ. टिपा कोण वाचतं? ज्यांना मजकूर कळत नाही ते.
उद्यापासून रोज चाळीस पानं. पुस्तकाच्या चिंध्या करणार.

६ मार्च
शून्य पानं. सायकल पंक्चर.

९ मार्च
चार पानं. सगळ्यांना समजेल असं लिहिलंय. लाचारी, दुसरं काय.

१२ मार्च, सकाळी ११
सापडली चूक. मधली पानं टाळून थेट प्रकरण नववं. अक्षरांची माळ घ्या, ठरल्या नियमाने पुढची अक्षरं खोडा, मागे नवी जोडा, माळ कधीतरी संपणारच, असं बाईंचं म्हणणं. मला एक माळ मिळाली, ती संपतच नाही, फिरून फिरून पहिल्यासारखी होते. पहिल्या वर्षाचा पोरगाही इतका गाढवपणा करणार नाही. फ्राउकी म्हणाली, तिला फोन करून सांग की. सांगणार, पण समारंभात, चारचौघांत. ती म्हणाली, इतका जळू नकोस. मी जळत नाही. शास्त्राचं काम आहे.

२० मार्च
समारंभ. प्रत घेतली, आभार न मानता सरळ फळ्याकडे. नवव्या प्रकरणाची चामडी सोलली. सभागृह चिडीचूप. वाटलं, प्रभाव पडला.
मग इनेका हळूच म्हणाली, सर, ते प्रमेय तुमचंच आहे. चाकांच्या जागी अक्षरं घातली, बाकी तेच, टिपेत लिहिलंय. म्हणून तर पहिली प्रत तुम्हाला.
मागून वुब्बो, माझा जुना सहकारी, म्हणाला, सिब्रेन, इतक्या वर्षांत तुझं पहिलं बिनचूक काम. लोक हसले. मरेपर्यंत त्याच्याशी बोलणार नाही.

२१ मार्च
माळेतच काहीतरी घोळ असणार. दुपारपर्यंत काढतो शोधून.

२४ मार्च
घोळ नाही. तीनदा तपासलं. जेवण गेलं नाही.

२५ मार्च
इनेकाचा फोन. तब्येत कशी आहे, वगैरे. मोठ्या मनाने सांगितलं, नववं प्रकरण राहू दे, पुढच्या आवृत्तीत माझी दुरुस्ती घालून छाप, परवानगी आहे. ती म्हणाली, सर, त्यातून ते प्रकरण परवाच काढून टाकलं. बाकीच्या पुस्तकात त्यावाचून काहीच अडत नाही.