सातव्या बाटलीतला गूळ

सर,

तुमचा एक शब्द मला खोडून हवा आहे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकात तो तसाच बसला आहे. 'सातव्या बाटलीत विद्यार्थिनीच्या हलगर्जीपणामुळे गूळ मिसळला गेला.' नाव घातलं नव्हतंत, एवढी मेहरबानी. पण पपईच्या चिकावर तुमच्याबरोबर काम करणारी मुलगी आख्ख्या पालघरात एकच होती आणि ती दांडीहून एसटीने यायची, हे कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक होतं. अंक हातात पडला त्याच संध्याकाळी मी ते पान टरकावलं आणि बोईसरला गाडी बदलताना गटारात टाकलं. त्या पानाने पुढे काय केलं ते आता निमूट ऐका. मधे बोलायची सोय तुम्हाला उरलेली नाही.

एप्रिल होता. कच्च्या पपईला चिरा पाडून आपण चीक गोळा केला होता. त्यात जे एन्झाइम असतं, तुम्ही हट्टाने 'विकर' म्हणायचात, ते मांस मऊ करतं, दूध फाडतं, पण उन्हाळ्यात चार दिवसांत मरून जातं. ते मरू नये म्हणून आपण बारा बाटल्यांत बारा तऱ्हा करून प्रयोगशाळेच्या पत्र्यावर उन्हात ठेवल्या. रोज सकाळी प्रत्येक बाटलीतला चिमूटभर चीक दुधात टाकायचा आणि तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचं. दहाव्या दिवशी अकरा पेल्यांतलं दूध जसंच्या तसं, आणि सातव्यातलं बघता बघता फाटतं आहे. टेबलाभोवती चार-पाच मुली उभ्या आहेत. तुम्ही विचारता, "यात काय घातलंस?" मी म्हणते, "चुकून गूळ पडला, सर. डबा शेजारी होता." दुसऱ्या कोणी पाठ थोपटली असती. तुम्ही डाफरलात, "पडला म्हणजे किती पडला? सांडलेलंसुद्धा मोजता आलं पाहिजे!" मग तीच चूक माझ्याकडून तीनदा करून घेतलीत, तराजूवर, गुळाचा कण न् कण मोजून. चिकाचं वजन, गुळाचं वजन, किती दिवस वाळवला, पत्रा किती तापला, सगळं लिहिलंत, छापलंत. मी विचारलं, यातून काही मिळणार नाही का आपल्याला? तर म्हणालात, "छापलं की सगळ्यांचं झालं. तेच मिळालं." मला तेव्हा तुमचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

वीस वर्षांनी मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात केमिस्ट होते. मालक, मी आणि नऊ बायका, बस्स. गुळात मळलेला चीक ताटांत वाळवायचा, भुकटी करायची आणि पचनाच्या गोळ्या करणाऱ्यांना पुरवायची. सातवी बाटलीच ती, मोठी झालेली. त्या नऊजणींतल्या चौघी डोंगरपट्ट्यातल्या. पूर्वी भातकापणी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायच्या, आणि आमच्याकडे लागल्यापासून दोन वर्षं आपल्या घरी राहिल्या होत्या. अशात एका बड्या कंपनीचा पेटंटचा अर्ज जाहीर झाला: साखर जोडून एन्झाइम टिकाऊ करण्याची रीत, म्हणे त्यांनी शोधलेली. आयत्या बिळावर नागोबा! आमचा कारखाना दोन वर्षांचा, त्यांनी अर्ज दाखल केला तो त्याच्याही आधी. पेटंट मिळालं की आम्हाला टाळं लागणार. आमचे वकील म्हणाले, "त्यांच्या अर्जाच्या आधीचं काहीतरी दाखवा. कुठे छापलेलं, नाहीतर लोक उघडपणे वापरत होते असं." ताटं पुसता पुसता एकीने मला विचारलं, "मंग आमी परत भट्टीवर जायाचा का, बाय?" तिच्या पोराला त्याच वर्षी शाळेत घातलं होतं.

मी कॉलेजात गेले. ग्रंथालयाच्या माळ्यावर वार्षिक अंकांचे गठ्ठे होते, वाळवीने कडा खाल्लेले. ते पान शाबूत होतं आणि अंकावर ग्रंथालयाचा शिक्का होता, तारखेसकट. तुमचा तो शब्द पुन्हा वाचला आणि या वयात माझे कान तापले. मग त्याच्या खालच्या ओळी वाचल्या. चिकाचं वजन. गुळाचं वजन. दिवस. पत्रा.

ते पान जोडून आम्ही अर्जावर हरकत घेतली आणि मुंबईला सुनावणी झाली. कंपनीचे वकील ते पान दोन बोटांत धरून म्हणाले, "कॉलेजच्या पोरांचा अंक, तोही मराठीत! आणि यांचे प्राध्यापकच लिहितात की हा हलगर्जीपणा होता. हलगर्जीपणाला शोध म्हणायचं का?" मी उठले तशी आमच्या वकिलांनी मला खाली बसायची खूण केली. मी बसले नाही. म्हटलं, "शोध नका म्हणू, साहेब. पण हे पान वाचून कोणालाही ही वस्तू करता येते, आम्ही करतोच आहोत. ग्रंथालय उघडं होतं, कोणीही मागून वाचावं. यांनी वाचलं नाही, तो हलगर्जीपणा कोणाचा?" पेटंट ऑफिसच्या साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मग त्यांनी सहजच मला विचारलं, "बाई, तो गूळ पडला कसा?" मी म्हटलं, "चुकून, साहेब." काही महिन्यांनी निकाल आला. ही रीत आधीच छापून सगळ्यांपुढे आलेली आहे, सबब पेटंट नाही. नऊच्या नऊ बायकांनी त्या दिवशी ताटं बडवली.

निकालाचा कागद घेऊन मी दांडीला गेले. आई बांबूंवर बोंबील टांगत होती. तिला सगळं सांगितलं तर ती हसायलाच लागली. "येवढ्यासाटी मुंबयला गेलीस? मना इचारला असतास तं मीच येऊन सांगितला असता. लानपनी जंतांवर काय देयाची मी तुला? पपयचा चीक गुलात मलून कौलांवर वालवलेल्या गोल्या! पावसाला सरंपरेंत टिकायच्या. सगली दांडी नेयाची माज्याकडून." मग एक बोंबील हातात तसाच धरून ती थांबली. "सांगितलास ना त्या सायबाला, आयशीचा हाय म्हणून?"

मी मान हलवली, सर. हो म्हणून.

गुळाचा डबा शेजारी नव्हता. गूळ मी घरून रुमालात बांधून आणला होता. ज्या मुली माझ्या जेवणाच्या डब्याला वास येतो म्हणून बाक बदलायच्या, त्यांच्यासमोर 'माझी आई असं करते' म्हणायची माझी छाती झाली नाही. लोक उघडपणे वापरत होते, हा पुरावाही चालतो हे वकिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. आख्खी दांडी साक्षीला आली असती. तरी मी तुमचं छापील पान पुढे केलं आणि आईला दुसऱ्यांदा मागे ठेवलं. कंपनीला म्हटलं आयत्या बिळावरचा नागोबा, आणि मी कोण? तेव्हा तो शब्द खोडाच. तो खोटा आहे. पण तो तुम्हाला मीच पुरवला होता.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते मला कळतं. आई मात्र अजून दांडीलाच आहे. तिला वाचता येत नाही, वाचून दाखवावं लागेल. गेल्या दोन रविवारी पिशवीत घालून नेलं होतं, आणि तसंच परत आणलं.