‘गिव्ह अप’ची पाच वाक्यं

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले, पण उत्तर लिहायला हात धजत नव्हता. माझ्या वर्गातली एक मुलगी गेली. तिनं स्वतःच जीव दिला. शिंप्याची थोरली. मागच्या बाकावर बसायची, तोंडातून चकार शब्द काढायची नाही. पोरं तिला मुकी म्हणायची. कधीकधी मीसुद्धा.

आदल्याच आठवड्यात मी इंग्रजीच्या तासाला ‘गिव्ह अप’चे सगळे अर्थ शिकवले होते. माझी पद्धत तुला ठाऊक आहे, अर्थ मी फळ्यावर लिहायचे, वाक्यं मात्र ज्यानं त्यानं स्वतःच्या आयुष्यातली द्यायची. पोरांनी काय काय लिहिलं! एकाच्या बापानं सिगारेट सोडली, एकानं तर गणितच सोडून दिलं. हसून हसून पुरेवाट झाली. हिनं पाच वाक्यं लिहिली. बसमध्ये म्हातारीला जागा दिली. चित्रं काढणं सोडलं. डबा खाणं सोडलं. मैत्रिणी परत बोलतील ही आशा सोडली. आणि शेवटचं, मी हरले.

एकही चूक नव्हती गं! मी लाल पेनानं दहापैकी दहा दिले, वर शाबास लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी तिला उभी करून ती वाक्यं अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली, सगळे अर्थ कसे अचूक आलेत बघा म्हणून. ती मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, लाजली. इतकी वर्षं मास्तरकी करून मी गाढवच राहिलो.

काल तिची आई वही घेऊन आली. तिला इंग्रजी येत नाही. दहा गुण बघून काहीतरी चांगलं लिहिलं असेल, असं तिला वाटलं होतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगितलं. शेवटचंही सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, की हे तुम्ही तेव्हाच वाचलं होतं ना. मी हो म्हणालो.

ती माघारी गेल्यावर तुझं पत्र काढलं. वसतिगृहात करमत नाही, जेवण जात नाही, पण चालायचंच, असं लिहिलंयस. त्यावर मी पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून ठेवले होते, तुला परत पाठवायला. तुझी आई असती तर त्याच दिवशी निघाली असती. हे पत्र टपालानं येणार नाही. तोंडानं मला यातलं काही बोलता येणार नाही, म्हणून लिहून आणलंय आणि वसतिगृहाच्या बाईंच्या हाती वर पाठवतोय. मी खाली फाटकाशी बसलोय. सामान बांध, नाहीतर नको बांधूस. पण खाली ये, बाळा.

तुझाच,
बाबा