जरीच्या काठाची टोपी

२ ऑक्टो. ९४, रवि.
हिमायतनगरचं घर महिनाअखेर बिल्डरच्या ताब्यात. ट्रंका उपसतेय. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पलंगावरून हुकूम सोडते, मी राबते. आज बाबांची टोपी काढली. निजामाच्या फौजेतली, परेडची. बाबा लेफ्टनंट. पोलीस ॲक्शनमध्ये गेले ते गेलेच, मी तेव्हा दीड वर्षाची. महिन्याभरानं एक शिपाई ही दारात देऊन गेला, 'साब की है' म्हणाला. तेवढ्यावर आजोबांनी दर्भाचा पुतळा करून दहन केलं, आईचं कुंकू पुसलं. दर खंडेनवमीला मी टोपीला हळदकुंकू वाहते. यंदा एका बाजूला कसर लागलीय. जीव तुटला.

५ ऑक्टो.
सुलतान बाजारच्या मागे युसुफभाई म्हणून आहे. जुने बिल्ले, पदकं, फौजी टोप्या घेतो-विकतो, डागडुजीही करतो. हल्ली परदेशी गिऱ्हाइकं येतात म्हणे, फॅक्स काय नि काय. नेऊन बघावी. आईला बोलले नाही. ती कुणाला हात लावू देत नाही टोपीला.

८ ऑक्टो., शनि.
युसुफभाईकडे. भिंग लावून आत-बाहेर बघितली. "टीचरम्मा, हल्दी-कुंकू कैकू लगाए? चमडा खराब हो गया." मेल्याला काय सांगायचं! टोपीवरची जर खरी म्हणाला, काळवंडलीय म्हणूनच खरी. सिनेमावाल्यांच्या नकली टोप्यांची पिवळीधमक राहते. मग, "किनकी है?" वडिलांची, लेफ्टनंट होते.

"नक्को अम्मा. छज्जे पे जरी है. ये मेजर की, नै तो उससे ऊपर की."

छज्जा म्हणजे कपाळावरचा काळा भाग. मी भांडले. त्यानं कपाटातून दुसरी काढली. त्याच पलटणीची, तोच बिल्ला, छज्जा साफ कोरा. "लेफ्टनंट की ऐसीच रहती." त्याची ती टोपी मात्र केवढी मोठी, घमेलंच. "इत्ता बडा सर किसका था अल्ला जाने. कोई नै लेता." चंचलगुड्याच्या कुणी म्हाताऱ्या बेगम मागच्या महिन्यात गेल्या, मुलांनी सामान काढलं, त्यात आली. त्याची टकळी चालूच. माझ्या डोक्यात एकच. आपली नाही. बाबांची नाही.

वर म्हणतो, मेजरची म्हणजे भाव जास्त. वा!

९ ऑक्टो.
संताप संताप. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, आणि कुणा परक्याच्या टोपीपुढे हात जोडत आले. मॅट्रिकच्या पेपरला जाताना तिच्या पाया पडले होते. आईचं अख्खं आयुष्य तिच्यापायी पांढरं. कसला मेजर नि कसलं काय. नको घरात.

१० ऑक्टो., सोम.
देऊन टाकली. पैसे न मोजता पर्समध्ये कोंबले. "कल बाहर का साहब आता, ले जाता." जाऊ दे. घरी आले तर आई म्हणते, चेहरा का उतरलाय गं? शाळा, म्हटलं.

११ ऑक्टो.
संध्याकाळी आई : नवमी आली, टोपी दे, मीच पुसते या वेळी.
राहवलं नाही. आई, ती बाबांची नव्हतीच.
मला वाटलं, कोसळेल. ती शांत. "ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं. ह्यांचं डोकं हे एवढं. लग्नात फेटा पुरेना, दुसरा जोडावा लागला."
मग बोलली का नाहीस?
"वीस वर्षांची होते गं. मामंजी पुतळा बांधून बसलेले. कुणाला सांगू?"
आणि मग पूजा कशाची?
"कुणाची तरी आहे ना ती. त्याची बायको असेलच कुठेतरी. तिची आपल्याकडे आली, तर आपली तिच्याकडे गेली असेल. शोधत येईल कधीतरी. म्हणून जपली."
विचारलं, आपली ओळखशील?
"न ओळखायला काय झालं! आतली पट्टी उसवली होती, मी शिवलीय. लाल रेशमाचे टाके."
युसुफभाईची ती मोठी टोपी मी उलटी करून बघितलीसुद्धा नाही. शेहेचाळीस वर्षं आई त्या बाईची वाट बघत होती, आणि ती चंचलगुड्यात. मागच्याच महिन्यापर्यंत. विकल्याचं अजून सांगितलेलं नाही. उद्या शाळा बुडवते.

१२ ऑक्टो.
सु. बाजार. शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, काल साहेब आला, टोप्यांची अख्खी पेटी भरून घेतली, युसुफभाई आज त्याला सोडायला बेगमपेटला विमानतळावर गेलाय. त्यात मोठी होती का हो? "मेरे को क्या मालूम अम्मा." जाळीतून डोकावले, आत अंधार, कपाट दिसतं, कप्पा नाही दिसत.

पायरीवर बसलेय. निघताना आई म्हणाली, येताना कुंकू आण, करंड्यातलं संपलंय. पुडी घेतलीय. पर्समध्ये त्या नोटांवरच ठेवलीय.